शेजाऱ्यांचा व्यापार: करोडगिरी नाक्यापासून सार्कपर्यंत



सार्कची स्थापना कधी झाली? ८ डिसेंबर १९८५. सचिवालय कुठे आहे? काठमांडूला. सदस्य देश किती? आठ. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांना हे तोंडपाठ असतं. पुढे नववीच्या भूगोलात ‘व्यापार’ हा पाठ येतो. युरोपीय संघ, आसियान, सार्क अशी नावं येतात. मुलं ती पाठ करतात, गुण मिळवतात आणि परीक्षा झाली की विसरतात.

दुसरीकडे आपल्या जालना जिल्ह्यात कितीतरी घरांत रात्री जेवताना बोलणं निघतं, ‘यंदा सोयाबीनला भाव का नाही?’ पाठ्यपुस्तकातला तो तक्ता आणि घरातला हा प्रश्न एकाच विषयाचे आहेत, हे मुलांना कुणी सांगतच नाही. आज तेच करून पाहू. मोठ्या माणसांनाही उपयोग व्हावा म्हणून माहिती थोडी सविस्तर दिली आहे. वर्गात घेताना इयत्तेप्रमाणे कमी-जास्त करून घ्या.

१) सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून

जालन्याहून देऊळगाव राजा किंवा सिंदखेड राजाला जायचं तर आज एसटीत बसलं की झालं. बुलढाणा जिल्हा कधी सुरू झाला हे रस्त्यावरची पाटी वाचली तरच कळतं. पण १९४८ पर्यंत ही सीमा साधी नव्हती. जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. पलीकडचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात होता. संस्थानात येणाऱ्या आणि संस्थानातून बाहेर जाणाऱ्या मालावर निजाम सरकार कर घेत असे. या करखात्याला ‘करोडगिरी’ म्हणत. गावातल्या वयस्कर माणसांना विचारा, ‘करोडगिरी नाका’ हा शब्द त्यांनी आपल्या वडिलांच्या तोंडून नक्की ऐकलेला असेल.

नाणंसुद्धा वेगळं होतं. निजामाचा रुपया तो हाली सिक्का आणि इंग्रजांचा तो कलदार. सर्वसाधारण हिशेब असा, की सात हाली म्हणजे सहा कलदार. म्हणजे भाषा एक, सोयरिकी दोन्हीकडे, बाजार शेजारचा, पण माल नेला की नाक्यावर कर आणि पैसे घेतले की बट्टा.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. मुलांना हा दिवस माहीत असतो, शाळेत झेंडावंदन असतं. पण नाके दुसऱ्या दिवशी उठले का? नाही. करोडगिरी हे संस्थानाचं मोठं उत्पन्न होतं. ते एकदम बंद केलं असतं तर शाळा, दवाखाने, रस्ते यांचा खर्च कशातून करायचा? म्हणून राज्यघटनेच्या मूळ कलम ३०६ मध्ये अशा राज्यांना काही वर्षं आपला अंतर्गत जकातकर चालू ठेवण्याची मुभा दिली होती. हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने गेलं. हाली सिक्का तर १९५९ पर्यंत पूर्ण बाद झाला नव्हता.

ही गोष्ट मुलांना आधी सांगा. दोन शेजारी एका देशात आले, तरी त्यांचे बाजार एक व्हायला कित्येक वर्षं लागली. मग वेगवेगळ्या देशांना किती वेळ लागेल, याचा अंदाज मुलांना आपोआप येतो.

२) बाजार जोडण्याच्या पाच पायऱ्या

शेजारी देश आपले बाजार एकमेकांना जोडतात त्याला ‘प्रादेशिक आर्थिक एकात्मता’ म्हणतात. शब्द जड आहे, पण पायऱ्या सोप्या आहेत.

पहिली पायरी, सवलतीचा व्यापार. नाका राहतो, फक्त ठरलेल्या काही वस्तूंवर शेजाऱ्याला कर कमी. सार्क देशांचा १९९३ चा साप्टा करार असा होता.

दुसरी पायरी, मुक्त व्यापार क्षेत्र. आपापसात बहुतेक मालावरचा कर काढायचा, पण बाहेरच्या जगासाठी प्रत्येकाचा कर आपापला. २००४ मध्ये इस्लामाबादला सही झालेला आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झालेला साफ्टा करार या पायरीचा. भारत-श्रीलंका करारही याच पायरीवरचा, तो २००० पासून चालू आहे.

तिसरी पायरी, सीमाशुल्क संघ. आपापसात कर नाही आणि बाहेरच्यांसाठी सगळ्यांचा मिळून एकच कर. दक्षिण आफ्रिका आणि तिचे शेजारी यांचा संघ १९१० पासून आहे, जगातला सर्वांत जुना.

चौथी पायरी, सामायिक बाजारपेठ. मालाबरोबर माणसं आणि भांडवलही मोकळं फिरतं. एका देशातला कारागीर दुसऱ्या देशात परवान्याशिवाय काम करू शकतो.

पाचवी पायरी, आर्थिक संघ. कर, चलन, नियम यांतलं बरंचसं सामायिक. युरोपात २००२ पासून युरोच्या नोटा आणि नाणी वापरात आली.

फळ्यावर जिना काढा आणि प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न लिहा: ‘इथे आपण कोणता निर्णय स्वतःच्या हातातून सोडला?’ पहिल्या पायरीवर थोडा सोडला. पाचव्या पायरीवर नोट किती छापायची हेसुद्धा एकट्याने ठरवता येत नाही. विषयाचा गाभा हाच आहे. पायरी चढली की बाजार मोठा होतो, पण आपल्या मर्जीने ठरवायच्या गोष्टी कमी होतात.

पायऱ्या नेहमी क्रमानेच चढतात असंही नाही. भारत आणि नेपाळ यांच्यात चलन वेगळं, कर वेगळे. तरी १९५० च्या करारामुळे नेपाळी माणूस व्हिसाशिवाय भारतात येऊन काम करू शकतो. नेपाळचा रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला बांधलेला आहे: १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी. म्हणजे माणसांच्या बाबतीत हे दोघे चौथ्या पायरीवर आणि मालाच्या बाबतीत दुसऱ्या.

३) युरोपने सुरुवात लोखंडापासून केली

जालन्याच्या मुलांना सळईचे कारखाने सांगावे लागत नाहीत. एमआयडीसीत वडील किंवा काका कामाला असलेली मुलं प्रत्येक वर्गात सापडतात. म्हणून युरोपची गोष्ट त्यांना लवकर कळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स आणि जर्मनीसमोर प्रश्न होता, की पुन्हा लढाई होऊ नये म्हणून काय करायचं? तोफा पोलादाच्या होतात आणि पोलाद कोळशावर होतं. ९ मे १९५० ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमन यांनी सुचवलं, की दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एकाच सामायिक संस्थेच्या हाती द्यावं. म्हणजे कुणालाही गुपचूप युद्धाची तयारी करता येणार नाही. १९५१ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी तसा करार केला. १९५७ च्या रोम कराराने बाकीच्या मालाचा रस्ता मोकळा झाला. १९६८ मध्ये सीमाशुल्क संघ पूर्ण झाला आणि १९९३ मध्ये युरोपीय संघ हे नाव अमलात आलं. ब्रिटनला मात्र निर्णय आपल्याच हातात हवे होते, म्हणून तो ३१ जानेवारी २०२० ला संघातून बाहेर पडला.

४) सार्क कुठे अडलं?

कागदावर सार्क दुसऱ्या पायरीवर आहे. प्रत्यक्षात दक्षिण आशियातल्या देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के आहे. आसियानमध्ये हा वाटा वीस टक्क्यांहून जास्त आहे आणि युरोपीय संघात निम्म्याहून जास्त.

पहिलं कारण राजकीय. सार्कची शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला झाली. २०१६ ची इस्लामाबादची परिषद रद्द झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के शुल्क लावलं, मे २०२५ मध्ये तिकडून येणारी आयातच बंद केली. जिथे विश्वास नाही तिथे नाका उठत नाही.

दुसरं कारण ‘संवेदनशील वस्तूंची यादी’. साफ्टामध्ये प्रत्येक देशाला काही वस्तू सवलतीतून बाहेर ठेवता येतात. शेजाऱ्याला जे विकायला सोयीचं, नेमकं तेच अनेकदा या यादीत असतं.

यावर उपाय म्हणून भारताने पाकिस्तान वगळून दुसरा गट जवळ केला, तो बिमस्टेक. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या या गटात भारत, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान, म्यानमार आणि थायलंड असे सात देश आहेत. मुक्त व्यापाराचा त्यांचा आराखडा २००४ मध्ये ठरला, करार मात्र अजून पूर्ण झालेला नाही.

५) आपल्या शेतापर्यंत हे कसं येतं?

*सोयाबीन.* सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर एकूण २७.५ टक्के आणि शुद्ध केलेल्या तेलावर ३५.७५ टक्के. हेतू हा, की बाहेरचं तेल महाग व्हावं आणि आपल्या सोयाबीनला उठाव यावा. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि मोंढ्यात त्याहून कमी भावाने विक्री चालली होती. पण नेपाळहून येणाऱ्या तेलाला करारामुळे शुल्क नाही. नेपाळमध्ये सोयाबीन फारसं पिकत नाही. तिथले कारखाने परदेशातून कच्चं तेल आणतात, शुद्ध करतात आणि भारतात पाठवतात. शुल्क वाढल्यावर हा ओघ एकदम वाढला. भाव पडायला इतर कारणंही होती, जगभर पीक भरपूर होतं. पण आपण पुढच्या दाराला कुलूप लावलं आणि शेजाऱ्याच्या अंगणातलं दार उघडं राहिलं, हेही खरंच.

दुसऱ्या पायरीचा कच्चेपणा इथे मुलांना दाखवता येतो. बाहेरच्यांसाठी कर वेगवेगळे असले, की माल कमी कराच्या दारातून आत येतो. ते थांबवायला ‘मूळ देशाचा नियम’ असतो. वस्तूच्या किमतीतला ठराविक हिस्सा त्याच देशात तयार झाला असेल, तरच सवलत. साफ्टामध्ये हा हिस्सा सर्वसाधारण ४० टक्के आणि नेपाळसारख्या अल्पविकसित देशांसाठी ३० टक्के आहे. तो खरा आहे का, हे तपासणं हीच मोठी डोकेदुखी.

*संत्रा.* विदर्भातला संत्रा मोठ्या प्रमाणावर बांगलादेशला जात असे. २०१९ नंतर बांगलादेशने त्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं. किलोला २० टका होतं ते २०२३ पर्यंत ८८ टका झालं. दोघेही साफ्टाचे सदस्य, तरीही हे घडलं. तिकडे न गेलेला संत्रा देशातल्याच बाजारात उतरतो. आपल्याकडच्या मोसंबीवाल्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

*कांदा.* इथे नाका आपण लावला. ८ डिसेंबर २०२३ ला भारताने कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ ला उठवली. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळाला. शेतकऱ्याचा भाव पडला आणि ढाक्याच्या, काठमांडूच्या स्वयंपाकघरात कांदा महागला. एकदा असं झालं की शेजारी दुसरा पुरवठादार शोधतो आणि मग आपल्याकडे परत येईलच असं नाही.

*कापूस.* ही जोडणी सगळ्यात चांगली जमली होती. आपल्या कापसाचं सूत बांगलादेशात जातं, तिथे त्याचे शर्ट शिवले जातात. २०११ मध्ये भारताने सार्कमधल्या अल्पविकसित देशांसाठी यादीत फक्त २५ वस्तू ठेवल्या आणि बाकी सगळं शुल्कमुक्त केलं. त्यामुळे बांगलादेशी कपडे आपल्या दुकानांत आले. २०२५ मध्ये मात्र संबंध ताणले गेले. एप्रिलमध्ये बांगलादेशने जमिनीवरच्या नाक्यांतून येणारं भारतीय सूत बंद केलं, मे मध्ये भारताने त्याच मार्गाने येणारे तयार कपडे बंद केले. करार तसाच होता, पण माल अडला.

६) ‘नाही’ म्हणणंही एक निर्णय

आसियानचे त्या वेळचे दहा देश आणि चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांचा आरसेप नावाचा मोठा करार आहे. भारत त्याच्या चर्चेत सुरुवातीपासून होता, पण ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने सामील होणार नाही असं सांगितलं. बाकीच्या १५ देशांनी १५ नोव्हेंबर २०२० ला सह्या केल्या. न्यूझीलंडची स्वस्त दूध पावडर आली तर इथल्या दूध उत्पादकाचं काय, चिनी मालापुढे छोटे कारखाने टिकतील का, ही भीती होती. विरुद्ध बाजूही मांडा: बाहेर राहिल्यामुळे त्या १५ देशांत आपला माल इतरांपेक्षा महाग पडू शकतो. आठवीच्या वर्गात यावर दोन गट करून छान वाद घडतो. शिक्षकाने निकाल देऊ नये.

७) जोडणी टिकते कशी?

बाजार जोडला की एकूण फायदा होतो, पण तो सगळ्यांना सारखा होत नाही. तेल स्वस्त झालं तर गिऱ्हाईक खूश, सोयाबीनवाला अडचणीत. ज्याचं नुकसान होतं त्याचा विचार झाला, तर जोडणी टिकते.

याचं जवळचं उदाहरण जीएसटी. १ जुलै २०१७ ला देशभर एक करपद्धत आली आणि राज्यांच्या सीमेवरचे तपासणी नाके गेले. राज्यांनी स्वतःचे अनेक कर सोडले. त्यांचा तोटा भरून निघावा म्हणून पाच वर्षं, दरवर्षी १४ टक्के वाढ धरून, कमी पडणारी रक्कम देण्याची हमी कायद्यात होती. त्याशिवाय राज्यं तयार झाली नसती. युरोपनेही मागास भागांसाठी १९७५ मध्ये प्रादेशिक विकास निधी सुरू केला. करोडगिरी बंद करताना संस्थानाला दिलेली मुदत हाही त्यातलाच प्रकार. साफ्टामध्ये अल्पविकसित देशांच्या बुडालेल्या करासाठी भरपाईची तरतूद आहे. पण भाव पडलेल्या शेतकऱ्याला भरपाई कोण देणार, यावर करारात उत्तर नाही. ते त्या-त्या देशाच्या सरकारकडेच मागावं लागतं.

८) वर्गात घ्यायचा खेळ (४० मिनिटं)

साहित्य: वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या, खडू, चार रिकाम्या डब्या.

वर्गाचे चार गट म्हणजे चार देश. प्रत्येक गटाकडे एकाच वस्तूच्या २० चिठ्ठ्या: मोसंबी, तेल, सळई, कापड. प्रत्येकाला चारही वस्तू प्रत्येकी निदान तीन हव्यात.

- पहिली फेरी: मध्ये खडूची रेघ. रेघ ओलांडताना प्रत्येक पाच चिठ्ठ्यांमागे एक चिठ्ठी नाक्याच्या डबीत. डबी त्या देशाच्या सरकारची.
- दुसरी फेरी: रेघ पुसा. अदलाबदल किती वाढली ते मोजा. सरकारच्या डब्या रिकाम्या राहिल्या, हेही दाखवा.
- तिसरी फेरी: तेलाच्या गटाला गुपचूप ‘बाहेरून’ २० चिठ्ठ्या जास्त द्या. आता तेल स्वस्त होईल. कोण खूश, कोण नाराज, मुलांनाच बोलू द्या.
- चौथी फेरी: चारही गटांनी बसून नियम ठरवायचे. बाहेरच्या मालाला कर किती? नुकसान झालेल्याला भरपाई कशातून? न पाळणाऱ्याला काय?

चौथ्या फेरीत आवाज वाढतो, रुसवेफुगवे होतात. होऊ द्या. मुलांना शिकायला तिथेच मिळतं. फक्त मोसंबीचा गट नेहमी त्याच मुलांना देऊ नका, बाजू बदलून पाहिली तरच दुसऱ्याची अडचण कळते.

९) घरी विचारायचे प्रश्न

१. आपल्या घरात शेजारच्या देशातून आलेली एखादी वस्तू आहे का? कपड्याच्या आतली पट्टी, तेलाच्या पिशवीमागची माहिती वाचून शोधा.

२. आजी-आजोबांनी जकात नाका पाहिला आहे का? तिथे काय चालायचं?

३. कांद्याची निर्यात बंद झाली तर आपल्या घराचा फायदा की तोटा? का?

४. भारताने आरसेपमध्ये जायला हवं होतं का? तुमचं मत आणि त्याचं एक कारण लिहा.

पालकांना एक विनंती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं येईल. शेती असलेल्या घराचं वेगळं, पगारावर चालणाऱ्या घराचं वेगळं. दोन्ही बरोबर आहेत. मुलाला ‘हेच उत्तर लिही’ असं सांगू नका, तुमच्या घराचा हिशेब त्याच्यासमोर मांडा. सार्कची तारीख पाठ असू द्या, परीक्षेला लागते. पण ‘या निर्णयाने कुणाचं भलं झालं आणि कुणाचं राहिलं?’ हे विचारायची सवय मुलाला लागली, तर पुढे वर्तमानपत्रातली प्रत्येक कराराची बातमी ते स्वतः वाचू शकेल.

खेळ आपल्या वर्गात घेऊन पाहा. मुलांनी चौथ्या फेरीत कोणते नियम ठरवले ते जरूर कळवा.